चाकूरला जाणारी बस फलाटावर उभी आहे

मार्तंडराव देवणीकरांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत उभी नसलेली बस कधी पुकारली नाही. म्हणजे एकदा पुकारली होती. पण ती गोष्ट ते स्वतः सांगत नाहीत, आणि विमलताई सांगायला लागल्या की उठून गॅलरीत जातात, म्हणून आपणही ती जरा सवडीनं घेऊ.

लातूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागं बसून त्यांनी अर्ध्या मराठवाड्याला गाडीत बसवलं होतं. "प्रवाशांनी लक्ष द्यावं" हे तीन शब्द ते असे काही म्हणत की ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही पिशवी उचलत. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि स्टँडवर यंत्र बोलायला लागलं. यंत्राचा आवाज गोड होता, उच्चार स्वच्छ होते, पण त्याला खिडकी नव्हती. "बस बघितल्याशिवाय पुकारतं ते," असं मार्तंडराव दर दोन दिवसांनी सांगत आणि विमलताई दर दोन दिवसांनी "हो ना" म्हणत.

घरी आवाजाला काही काम उरलं नाही. अपवाद नळाचा. लातुरात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखाच असतो, आणि कधी येईल ते कुणाला माहीत नसतं. त्या दिवशी मार्तंडराव आधी तळमजल्यावर जाऊन स्वतः तोटी सोडून पाहत, पाणी हातावर घेत, मग गच्चीवर चढून सगळ्या कॉलनीला कळवत: "रहिवाशांनी लक्ष द्यावं. नळाला पाणी आलेलं आहे." बायका घागरी घेऊन पळत. रिकाम्या नळापुढं त्यांनी कुणाला कधी उभं केलं नाही.

असंच एका सकाळी त्यांनी पुकारलं आणि शेजारच्या भगवानरावांच्या वरच्या खोलीतली भाडेकरू मुलगी घागर न घेता, हातात आवाज टिपायचं एक छोटं यंत्र घेऊन खाली धावत आली. तिचं नाव राजश्री. वडील नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात प्राध्यापक, शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि उद्योग असा की ती तो समजावून सांगायला लागली की समोरचा माणूस चहा विचारायचा विसरे. एमआयडीसीत एक डाळ मिल बरीच वर्षं बंद होती. ती तिनं भाड्यानं घेतली होती, तिला 'चाळण' असं नाव दिलं होतं, आणि महिन्यातून एकदा तिथं संगीताचे प्रयोग होत. प्रयोगात गाणं नसे, आवाज असत. मागच्याच उन्हाळ्यात बंगळुरूहून आलेल्या एका कलावंतानं पितळी परातीत तासभर पाणी ठिबकवण्याचा प्रयोग केला. श्रोते लातूरचे. विसाव्या मिनिटाला एका गृहस्थांना ते बघवेना, ते उठले आणि त्यांनी नळ बंद केला.

मार्तंडराव गच्चीवरून उतरले तशी राजश्री म्हणाली, "काका, पुढच्या प्रयोगात तुमचा आवाज पाहिजे."

मार्तंडरावांनी विचार करून सांगतो म्हणून सांगितलं, जिना चढले, आणि वर पोचायच्या आत विचार करून झाला होता.

पुढच्या आठवड्यात पत्रिका छापून आली. 'ध्वनी: राजश्री. पेटी: अनय. स्वर: मार्तंड देवणीकर.' एवढंच. पण मार्तंडरावांनी ती इतक्यांदा वाचली की विमलताई म्हणाल्या, नीट पाठ झाली असेल तर आता भाजी आणा. त्यांनी भाजी आणली आणि भाजीवाल्यालाही पत्रिका दिली. कॉलनीत वाटल्या, जुन्या सहकाऱ्यांना वाटल्या, बँकेत पेन्शनच्या रांगेत वाटल्या. भगवानराव निवृत्त तलाठी, कुठलाही कागद उलटून मागची बाजू बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी पत्रिका उलटून पाहिली आणि विचारलं, "अध्यक्ष कोण हायेत?" अध्यक्ष नाहीत, दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही, हे कळल्यावर त्यांनी हा कार्यक्रम कायदेशीर आहे का, अशी शंका व्यक्त केली.

तालमीच्या दिवशी मार्तंडराव इस्त्रीचा शर्ट घालून मिलमध्ये गेले. आत डाळ चाळायचं जुनं यंत्र हलक्या गतीनं हलत होतं आणि अनय नावाचा एक दाढीवाला तरुण पेटीचा भाता पुढंमागं करत होता, पट्ट्यांना मात्र हात लावत नव्हता. पेटीतून नुसता वारा येत होता. मार्तंडरावांबरोबर आलेल्या भगवानरावांनी तो बराच वेळ ऐकला आणि उदगीरला पेटी दुरुस्त करणारा एक चांगला माणूस असल्याचं आपुलकीनं सांगितलं. अनयनं त्याचा नंबर लिहून घेतला. मुलगा सभ्य होता.

मग राजश्रीनं मार्तंडरावांच्या हातात कागद दिला. त्यावर पुकारायच्या बसगाड्या होत्या: काल सुटलेली बस, धरणात बुडालेल्या गावाला जाणारी बस, कुठंच न जाणारी बस.

मार्तंडरावांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. "फलाट कुठला?" त्यांनी विचारलं.

"फलाट नाही काका. बसच नाही. ती कल्पनेतली बस आहे."

"मग माणसं कुठं उभी राहतील?"

राजश्रीनं पुष्कळ समजावलं. हा आवाज यंत्रातून जाईल, त्याचे तुकडे होतील, ते उलटे फिरून परत येतील, ऐकणाऱ्याला आपण कुठं निघालो होतो ते आठवेल. मार्तंडरावांना ते सगळं पटलं. पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि तेवढंच त्या दिवशी रेकॉर्ड झालं.

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी फोनवर "गाडी निघाली, आलीच समजा" असा निरोप ऐकून त्यांनी निलंग्याची बस पुकारली होती. बस आली नव्हती. एक सबंध वऱ्हाड सामान घेऊन सहा नंबरच्या फलाटाकडं धावलं आणि रिकाम्या फलाटावर उभं राहिलं. नवरदेवाची आई पत्र्याच्या ट्रंकेवर बसली आणि खिडकीतल्या मार्तंडरावांकडं बघत राहिली. बस पाऊण तासानं आली, लग्नही लागलं असणार. पण त्या दिवसापासून आधी डोळे, मग तोंड, असा त्यांचा नेम झाला.

त्या रात्री जेवण गेलं नाही. उभी नसलेली बस पुकारावी तर आयुष्यभराचा शब्द जातो, आणि न पुकारावी तर भाजीवाल्यापर्यंत पोचलेल्या पत्रिकेचं काय करायचं? भगवानरावांचा सल्ला असा की बस आहे असं समजून पुकारायचं, सरकारदरबारी निम्मी कामं समजूनच चालतात. समोरच्या रुक्मिणबाईंनी सुचवलं की डोळे मिटून पुकारावं, म्हणजे बस नाही हे दिसतच नाही. शेवटी विमलताई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "एवढंच हाय तर आणा की एक बस आणि करा उभी."

त्या चेष्टेत बोलल्या होत्या. पण छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोचं बोलणं मार्तंडरावांनी इतकं मनावर पहिल्यांदाच घेतलं.

सकाळी ते आगारात हजर. खासगी कार्यक्रमाला बस भाड्यानं मिळते, त्याला प्रासंगिक करार म्हणतात, आणि तो टेबलावर बसून करून देणारा शंकरप्पा हा मार्तंडरावांच्याच हाताखाली तयार झालेला. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग विचारलं, "कुठं जायचं साहेब?"

"कुठंच नाही. मिलच्या दारात एक तास उभी राहायची."

शंकरप्पाचा चेहरा पडला. "उभी राहायला गाडी मिळत न्हाई साहेब. गाडी गेली पाहिजे. हे तुमीच मला शिकवलंय."

शिकवलं होतं हे खरं. मार्तंडरावांनी क्षणभर विचार केला आणि तोंडाला आलं ते गाव सांगितलं: चाकूर. चाकूर विमलताईंचं माहेर. आता कारण. लग्न लिहावं तर पत्रिका जोडायची, सहल लिहावी तर शाळेचं पत्र, यात्रा लिहावी तर देव सांगायचा. संगीताचा प्रयोग हे कारण फॉर्मवर नव्हतंच. मार्तंडरावांनी कार्यक्रमाची पत्रिका पुढं केली. शंकरप्पानं ती वाचली, उलटून पाहिली, आणि 'कौटुंबिक कार्यक्रम' असं लिहून टाकलं. फक्त त्याला चाळीस प्रवाशांची यादी लागते, म्हणाला, नाव आणि वयासकट.

म्हणजे पाहा, एक वाक्य खरं बोलता यावं म्हणून बस आली, बस यावी म्हणून चाकूर आलं, आणि चाकूर आलं म्हणून चाळीस माणसं शोधायची पाळी आली. मार्तंडराव वही घेऊन दारोदार फिरले. प्रयोगाला या म्हटलं तर लोक बघू म्हणत होते. चाकूरला गाडी जाणार आणि परत येणार म्हटल्यावर मात्र उड्या पडल्या. रुक्मिणबाईंची लेक चाकूरला, बाळंतपण झालेलं, डिंकाचे लाडू पोचवायचे होते. रामलिंग शिंप्याला सासऱ्याकडून ज्वारीचं पोतं आणायचं होतं. भगवानरावांना काही काम नव्हतं, पण जागा वाया जाऊ नये म्हणून तेही निघाले. एका बाईंनी तिघींची नावं घातली आणि वयं मात्र सांगितली नाहीत, ती मार्तंडरावांना अंदाजानं लिहावी लागली, आणि त्या अंदाजावरून त्या घराशी त्यांचा अबोला झाला तो वेगळाच.

राजश्रीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी आपल्या कागदावरची एकेक ओळ खोडली. तिची बुडालेली गावं गेली, काल सुटलेली बस गेली, राहिली ती लातूर-चाकूर, मार्गे आष्टामोड. मग ती म्हणाली, चालेल काका, तुम्हाला जे म्हणता येईल तेच म्हणा. पण तिचा चेहरा उतरलेला मार्तंडरावांना दिसला. प्रयोगाला पुण्याहून एक समीक्षक यायचे होते. दोन वर्षं ती ही मिल रेटत होती, आणि त्यांच्या लिहिण्यावर ती पुढं चालणार की नाही हे ठरायचं होतं. आपल्या हट्टापायी पोरीचं वाटोळं होणार, असं मार्तंडरावांना वाटायला लागलं.

विमलताईंनी या सगळ्यात एकच गोष्ट केली. यादी आगारात द्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती वाचायला मागितली. वाचून नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पाकिटात घालून, पाकीट चिकटवून दिलं.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. एरवी 'चाळण'मध्ये पंधरा माणसं येत आणि सगळी डोळे मिटून बसत. आज यादीतली मंडळी आली आणि सामानासकट आली. लाडवांचे डबे, रिकामं पोतं, दोन घोंगड्या, एक शिवणयंत्राचं चाक. पुण्याचे समीक्षक एका कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. त्यांनी सामान पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. रुक्मिणबाईंनी त्यांना सरकायला सांगून मध्ये डबा ठेवला.

दिवे मंद झाले. चाळणीचं यंत्र गुरगुरलं, पेटीचा वारा सुटला, राजश्रीच्या यंत्रातून घूं असा आवाज आला. मंडळी ऐकत होती, पण स्टँडवर बसतात तशी बसून ऐकत होती. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगांचा कागद सोडला. वर माइक लोंबत होते. शेंग फुटल्याचा आवाज यंत्रात जाऊन छपरातून दुपटीनं परत आला. फोडणारा दचकला, मग त्यानं मुद्दाम दुसरी फोडली. थोड्या वेळानं सगळी ओळ फोडत होती आणि अनय भात्याचा वेग शेंगांना मिळवून घेत होता.

बाविसाव्या मिनिटाला राजश्रीनं हातानं खूण केली. मार्तंडराव माइकपुढं उभे राहिले. तिथून मिलचं फाटक सरळ दिसत होतं, जागा त्यांनीच तशी मागून घेतली होती. फाटकात बस नव्हती.

राजश्रीनं पुन्हा खूण केली. मार्तंडरावांनी नकारार्थी मान हलवली. एक मिनिट गेलं, दोन गेली. सगळी मिल त्यांच्याकडं बघत होती आणि त्यांना त्या गर्दीत पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली एक बाई दिसत होती. आता नुसतं म्हणून टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. समीक्षकांना तर नक्कीच नाही. तेवढ्यात रुक्मिणबाई उठल्या आणि खिडकीशी विचारतात तशा त्यांच्यापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, चाकूरची लागली का?"

ते माइकमधून गेलं. छपरातून, भिंतींतून, चाळणीतून परत आलं: लागली का, लागली का.

"अजून लागलेली नाही," मार्तंडराव म्हणाले. "बसून घ्या."

तेही परत आलं, चारी बाजूंनी, त्यांच्याच आवाजात. रुक्मिणबाई लगेच खाली बसल्या. मग इतरही एकेक करून उठून विचारून यायला लागले, कुणी खरोखर काळजीनं, कुणी नुसतं आपला आवाज छपरातून ऐकायला. मार्तंडराव प्रत्येकाला तितक्याच शांतपणे अजून नाही असं सांगत होते. असं सात-आठ मिनिटं चाललं. राजश्रीनं खुणा करणं सोडून दिलं होतं, ती नुसती बटणं फिरवत होती.

आणि फाटकात हॉर्न वाजला. बस आली होती. ड्रायव्हर सुदामला एमआयडीसीतल्या तीन चालू डाळ मिल सापडल्या होत्या, बंद पडलेली शेवटी सापडली.

मार्तंडरावांनी बस डोळ्यांनी पाहिली, पाटी वाचली, गाडी पूर्ण थांबू दिली. मग माइक धरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. लातूरहून आष्टामोड मार्गे चाकूरला जाणारी बस फलाट क्रमांक एकवर उभी आहे."

विमलताई नंतर सांगत, त्यांच्या अंगावर काटा आला. पण तो यायला त्यांना फार वेळ मिळाला नाही, कारण पुढच्या क्षणी सगळीच्या सगळी माणसं उठली आणि दाराकडं सुटली. चाळीसच सीट होत्या, चाळीसच नावं होती, घाई करायचं काही कारण नव्हतं. पण मराठवाड्यात बस लागली आणि माणूस शांत बसला असं कधी होत नाही. खिडक्यांतून रुमाल पडले, टोप्या पडल्या, लाडवांचा डबा पडला, एका खिडकीतून पोतं आत गेलं. रामलिंग आणि भगवानराव एकाच सीटवरून भांडायला लागले. पुण्याचे समीक्षक लोंढ्यात सापडून दारापर्यंत गेले. त्यांना रुमाल टाकायचं ठाऊक नसल्यामुळं ते वहीसकट बाहेर उभे राहिले.

मिल रिकामी झाली. जमिनीवर शेंगांची टरफलं होती आणि मार्तंडरावांचा आवाज अजून छपरात फिरत होता. त्यांना राजश्रीकडं बघवेना. "पोरी," ते म्हणाले, "तुझा कार्यक्रम मोडला मी."

राजश्रीचे डोळे भरले होते. "काका, दोन वर्षं इथं कार्यक्रम करून राहिले मी," ती म्हणाली. "तो नळ बंद करणारे आजोबा सोडले, तर ऐकून कुणी जागचं हललं नव्हतं."

आणि ती आपलं छोटं यंत्र घेऊन बाहेर धावली, भांडण रेकॉर्ड करायला. अनय पेटी उचलून तिच्या मागं गेला.

मार्तंडराव एकटेच माइकपुढं राहिले. एकतीस वर्षं ते असेच राहत आले होते. गाडी पुकारायची, माणसं धावताना बघायची, गाडी सुटायची सूचना द्यायची, आणि रिकाम्या फलाटाकडं बघत पुढच्या गाडीचा कागद ओढायचा. विमलताई माहेरी निघाल्या तरी तसंच. पुकारणाऱ्यानं स्वतःच्या बायकोला जागा धरली तर चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून त्या दोन लेकरं कडेवर घेऊन स्वतःच रुमाल टाकत आणि खिडकीतून चौकशीच्या जाळीकडं बघत. जाळीतून आवाज येई, माणूस दिसत नसे.

सुदाम यादी घेऊन दारात आला. "साहेब, एक कमी हाय," तो म्हणाला. "एकोणचाळीस भरले."

"शक्य नाही. चाळीस नावं मी स्वतः लिहिली आहेत."

"चाळीसच हायेत. पण एक खोडून दुसरं घातलंय." सुदामनं यादी पुढं केली. भगवानरावांच्या मेव्हण्याचं नाव खोडलं होतं. ते जागा भरायला म्हणून घातलेलं, मेव्हणा तर नागपूरला होता, हे विमलताईंखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या खाली विमलताईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: मार्तंड देवणीकर, वय एकसष्ट, लातूर ते चाकूर.

मार्तंडरावांनी बाहेर पाहिलं. तिसऱ्या खिडकीत विमलताई बसल्या होत्या आणि शेजारच्या सीटवर हात ठेवून एका धिप्पाड माणसाला तिथून उठवत होत्या.

"अहो, रुमाल टाकलाय," त्या म्हणाल्या. "या आता."

"सुटायची सूचना राहिली आहे," मार्तंडराव म्हणाले.

"द्या आणि या. गाडी थांबलीय."

मार्तंडरावांनी माइकवर सूचना दिली. आवाज जरा हलला, पण शब्द सगळे नीट आले. मग त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही डोळ्यांवरून फिरवली, माइक बंद केला, आणि आपणच पुकारलेल्या गाडीकडं, एकसष्टाव्या वर्षी, धावत सुटले.